कोलंबियाचे चढणीचे मासे

गळाला सॅमन लागला की त्याला जाळीत घ्यायचं, डोक्यात दांडक्याचा एक घाव घालायचा आणि बर्फात ठेवायचं, हा नेहमीचा क्रम. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या हॅनफर्ड रीच या पट्ट्यात, ऑक्टोबर संपता संपता काही दिवस हा क्रम मोडला जातो. बोटीत बर्फाऐवजी पाण्याची टाकी असते आणि पंपाने नदीचं ताजं पाणी तिच्यात खेळतं ठेवलेलं असतं. आठ-दहा किलोंचा चिनूक सॅमन गळाला लागला की जाळीतून तो थेट त्या टाकीत जातो आणि बोट धक्क्याकडे वळते. धक्क्यावर टँकर उभा असतो. तो माशाला प्रीस्ट रॅपिड्स धरणाखालच्या मत्स्यबीज केंद्रात, म्हणजे हॅचरीत, नेऊन सोडतो.

हे करणारी माणसं पगारी नसतात. हौसेने गळ टाकणारे लोक, बोट त्यांची, इंधन त्यांचं. २०१२ मध्ये ‘किंग ऑफ द रीच’ या नावाने ही जिवंत मासे पकडण्याची स्पर्धा सुरू झाली. राज्याचं मत्स्य खातं, धरण चालवणारी ग्रँट काउंटीची सार्वजनिक वीजसंस्था आणि कोस्टल कॉन्झर्वेशन असोसिएशन ही हौशी मच्छीमारांची संघटना असे तिघे त्यामागे आहेत. गंमत म्हणजे त्या केंद्राला माशांची टंचाई मुळीच नसते. दर शरद ऋतूत हजारो सॅमन आपल्या पायांनी, म्हणजे परांनी, केंद्राच्या पाटातून आत येतात. तिथली माणसं त्या सापळ्याला ‘व्हॉलंटिअर ट्रॅप’ म्हणतात, कारण मासे स्वखुशीने येतात. असे मासे दाराशी असताना नदीत जाऊन एकेक मासा गळाने कशाला धरायचा? या एका प्रश्नात सॅमनचं बरंच विज्ञान दडलेलं आहे.

आधी एक घोटाळा दूर करू. मुंबईच्या बाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण रावसाचं आणि सॅमनचं काही नातं नाही. सॅमन समजून घ्यायला आपल्याकडचे चढणीचे मासे जास्त उपयोगी. कोकणात पहिला दमदार पाऊस पडला की ओहोळ, शेतं, पऱ्हे यांतून मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, अंडी घालायला. कुठे त्याला वलगण म्हणतात. चिनूक सॅमन हीच गोष्ट खंडाच्या मापाने करतो. गोड्या पाण्यात जन्मतो, प्रशांत महासागरात दोन-चार वर्षं काढून वाढतो आणि मग आपल्या जन्माच्या नदीत परततो. हॅनफर्ड रीच समुद्रापासून साडेपाचशे किलोमीटरहून दूर आहे आणि तिथे पोचायला बॉनविल, द डॅलस, जॉन डे आणि मॅकनॅरी ही चार धरणं माशांसाठी बांधलेल्या पायऱ्यांवरून ओलांडावी लागतात. नदीत शिरल्यावर मासा खाणं थांबवतो आणि अंगातल्या चरबीवर हा प्रवास करतो. मादी शेपटीने गोटे उकरून खळगा करते, त्यात चार-पाच हजार अंडी घालते, वर पुन्हा गोटे लोटते आणि काही दिवसांत मरते. नरही मरतो. प्रशांत महासागराच्या चिनूकचा जन्मात एकच विणीचा हंगाम असतो.

हॅनफर्डचा हा सुमारे ८२ किलोमीटरचा पट्टा टिकला त्यामागची हकिकत विलक्षण आहे. १९४३ मध्ये अमेरिकन सरकारने अणुबॉम्बसाठी प्लुटोनियम बनवायला नदीकाठची प्रचंड जमीन ताब्यात घेतली. नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बचं प्लुटोनियम इथलं. जमिनीत आणि भूजलात त्या काळाचं विष अजून आहे आणि ते उपसायचं काम अजून चालू आहे. पण कुंपणामुळे काठावर शेती आली नाही, शहर आलं नाही. इथे बेत होता तो बेन फ्रँकलिन धरणाचा, तोही बारगळला. वर प्रीस्ट रॅपिड्स, खाली मॅकनॅरीचा फुगवटा, आणि मधे कोलंबिया अजून नदीसारखी वाहते. अमेरिकेतल्या कोलंबियाचा भरतीच्या टप्प्यापलीकडचा हा शेवटचा मोकळा प्रवाह. इथले गोटे साफ राहतात, त्यांतून पाणी झिरपतं, अंड्यांना प्राणवायू मिळतो. चांगल्या वर्षी इथे लाखाहून जास्त चिनूक विणीला येतात. २०१३ च्या शरद ऋतूत बॉनविल धरण ओलांडणाऱ्या चिनूकची मोजणी नऊ लाखांच्या वर गेली, त्यांतले बरेचसे इकडे येणारे होते.

वरच्या धरणांनी विणीच्या जागा बुडवल्या, त्याची भरपाई म्हणून प्रीस्ट रॅपिड्सचं केंद्र चालतं. तिथून दर वर्षी सत्तर लाखांच्या घरात सॅमनची पिल्लं नदीत सोडली जातात. आपल्या मत्स्य खात्याच्या भाषेत बोलायचं तर बोटुकली.

आता मूळ प्रश्न. सॅमन आपली नदी ओळखतो तो वासाने. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या आर्थर हॅस्लर आणि वॉरन विस्बी यांनी १९५१ मध्ये ही कल्पना मांडली. पुढे हॅस्लर यांच्या सहकाऱ्यांनी पिल्लांना मॉर्फोलिन नावाच्या रसायनाच्या सौम्य वासाची सवय लावली, मासे मोठे झाल्यावर तोच वास एका ओढ्यात सोडला, आणि मासे त्या ओढ्याकडे वळले. म्हणजे केंद्रात वाढलेल्या माशाला केंद्राच्या पाण्याची ओढ असते आणि गोट्यांत जन्मलेल्याला त्या गोट्यांवरच्या पाण्याची. केंद्राच्या पाटातून जे आपणहून येतात, ते बहुतेक केंद्राचेच लेक. त्यांचीच अंडी घ्यायची, त्यांचीच पिल्लं सोडायची, तीच पुन्हा परत येणार. नदीतून नवं रक्त आत यायला वाटच राहत नाही.

त्यात बिघडतं काय? याचं मला सर्वांत पटणारं उदाहरण गाबोळीचं आहे. प्रत्येक मादीपुढे एक हिशेब असतो: थोडी मोठी अंडी घालायची की पुष्कळ लहान. नदीत लहान अंड्यातून निघालेलं दुबळं पिल्लू सहसा जगत नाही, म्हणून निसर्ग मोठ्या अंड्यांची बाजू घेतो. केंद्रात ताटांमध्ये स्वच्छ पाणी मिळतं, नंतर वेळेवर दाणा मिळतो, त्यामुळे लहान अंड्यातलं पिल्लूही तगतं. मग जिची अंडी जास्त, तिची पिल्लं जास्त. डॅनियल हीथ आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवलं की केंद्रात पैदास होणाऱ्या चिनूकच्या अंड्यांचा आकार काही पिढ्यांतच घटत गेला. कुणी तशी निवड केली नव्हती. टाकीतली सुखवस्तू राहणीच निवड करत होती.

अंडी मोजता येतात म्हणून ती दिसली. जे मोजता येत नाही त्याचं काय? बगळ्याची सावली पडताच तळाला जायचं की दाण्याच्या आशेने वर यायचं, गर्दीत कसं वागायचं, कोणत्या आठवड्यात वर चढायचं, हे सगळं थोडंफार रक्तात असतं. ओरेगनच्या हूड नदीत स्टीलहेड या सॅमनच्या भाऊबंदावर झालेल्या अभ्यासात अराकी, कूपर आणि ब्लॉइन यांनी जनुकांवरून वंशावळ लावली. २००७ चा त्यांचा निष्कर्ष असा की केंद्रात वाढण्याच्या दर पिढीमागे नदीत संतती निर्माण करण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. २०१२ मध्ये त्याच नदीवरच्या दुसऱ्या अभ्यासातून कळलं की केंद्राच्या राहणीशी जुळवून घेणं एका पिढीतही घडू शकतं. दुसरी बाजूही सांगायला हवी. आयडाहोच्या जॉन्सन क्रीकमध्ये नेझ पर्स जमातीने दर वर्षी फक्त नदीत जन्मलेले चिनूक घेऊन केंद्र चालवलं. तिथे माशांची संख्या वाढली आणि नदीत वीण करताना केंद्राचे मासे फारसे उणे पडले नाहीत. जात वेगळी, नदी वेगळी, त्यामुळे दोन्ही निष्कर्ष एकाच तागडीत घालता येत नाहीत. पण दर पिढीला आई-बाप नदीतून आणण्याचा आग्रह का, ते यावरून कळतं.

अमेरिकेच्या वायव्य भागातल्या केंद्रांनी यासाठी एक गुणोत्तर वापरात आणलं आहे. केंद्रातल्या आई-बापांत नदीत जन्मलेले किती टक्के, आणि नदीत विणणाऱ्यांत केंद्राचे किती टक्के, हे दोन आकडे त्यात लागतात. पहिल्याला दोघांच्या बेरजेने भागायचं. महत्त्वाच्या नैसर्गिक साठ्यांसाठी उत्तर ०.६७ किंवा जास्त यावं अशी शिफारस आहे. घरगुती भाषेत सांगायचं तर नदीतल्या शंभर विणणाऱ्या माशांत केंद्राचे दहा असतील, तर केंद्रातल्या शंभर आई-बापांत नदीचे निदान वीस हवेत. वंशाची दोरी नदीच्या हातात राहावी, केंद्राच्या नाही, एवढाच या गणिताचा अर्थ. आणि ते वीस मासे केंद्राच्या पाटातून येत नाहीत, म्हणून तर गळ.

जाळी का नाही टाकत? काही केंद्रं टाकतात. पण इथली नदी रुंद, खोल आणि जोरकस आहे आणि मासे किलोमीटरच्या किलोमीटर पसरलेले असतात. धरणाच्या पायऱ्यांवर सापळा लावून काही मासे मिळतात, पण तिथे सापडणार ते धरणापर्यंत चढलेले. खालच्या वेगवेगळ्या विणीच्या जागांवरचे मासे हवे असतील तर शेकडो जोडी हातांनी पट्टाभर विखुरणं हाच उपाय आहे, आणि एवढे हात कुठलंही खातं पगारावर ठेवू शकत नाही. विणीला आलेला मासा खात नाही, तरी गळावर झडप घालतो. भूक नसली तरी जुनी सवय आणि जागेवरची चीड त्याला पुरते. त्या झडपेवर या सगळ्या योजनेची मदार आहे.

इथे गळ टाकणाऱ्याला आपली निम्मी विद्या उलटी करावी लागते. माशाला खेळवून दमवण्यात एरवी मजा असते. इथे जेवढी झुंज लांबेल तेवढं आम्ल माशाच्या स्नायूंत साठतं आणि टाकीत पोचूनही तो तासाभराने मरू शकतो. म्हणून झटपट ओढायचं. कल्ल्यांत बोटं घालायची नाहीत, शेपटीला धरून लटकवायचं नाही, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर पुसायचा नाही. तो थर गेला की बुरशी धरते, आणि केंद्रात पूर्ण पिकेपर्यंत या माशाला अजून काही दिवस काढायचे असतात. ज्यांनी आयुष्यभर मासे खाण्यासाठी मारले, ते इतक्या हलक्या हाताने मासा टँकरपर्यंत नेतात, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

पण आणलेला मासा नदीत जन्मलेला आहे हे ठरवायचं कसं? अनेक केंद्रं पिल्लं सोडण्याआधी पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापतात. तो नसला तर मासा केंद्राचा. प्रीस्ट रॅपिड्सच्या लाखो पिल्लांपैकी काहींचाच पर कापला जातो, त्यामुळे पर शाबूत असणं हा पुरावा नाही. खरी साक्ष माशाच्या कानात असते. तोल सांभाळायला माशाच्या डोक्यात चुन्याचे बारीक खडे असतात आणि झाडाच्या खोडासारखी त्यांत रोज वर्तुळं पडतात. केंद्रात अंडी उबत असताना पाण्याचं तापमान ठरावीक दिवशी खालीवर केलं जातं. त्याने त्या खड्यात गडद वर्तुळांची ठरलेली रांग उमटते आणि ती जन्मभर राहते. मासा मेल्यावर खडा काढून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली धरला की उत्तर मिळतं. गळाने आणलेल्यांतलेही काही शेवटी केंद्राचेच निघतात, पण पाटातून आलेल्यांच्या मानाने त्यांचं प्रमाण फार कमी.

मासे पिकले की त्यांना मारून मादीचं पोट चिरतात आणि गाबोळी बादलीत घेतात. नराचं दुधासारखं शुक्र त्यावर पिळतात आणि मग पाणी घालतात. पाणी लागताच शुक्रजंतू जागे होतात आणि मिनिटभराच्या आत थकतात, म्हणून सगळं झरझर करावं लागतं. एका नराचं शुक्र अनेक माद्यांच्या अंड्यांना पुरतं. नदीचा नर दुर्मीळ असेल तर त्याला जास्त माद्यांना वाटून देता येतं, पण फार ताणलं तर सगळी पिल्लं एकाच बापाची होतात. तोही तोटाच.

मासे नदीतून काढल्याने नदीचं नुकसान नाही का? हॅनफर्डला हजारोंच्या थव्यातून काही शेकडा उचलले जातात, ते नदीला झेपतं. जिथे वीस-तीसच मासे उरलेत, तिथे हाच उत्साह घातक ठरेल.

आई-बाप कुठल्या नदीचे, हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. लोणावळ्याला टाटांच्या धरणाकाठी डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास दख्खनच्या महासीरची कृत्रिम पैदास साधली. मोठं काम होतं ते. तिथली बोटुकली दूरदूर गेली, कावेरीतही गेली. कावेरीत मात्र तिचा स्वतःचा, वशिंडाचा महासीर होता. तिथे गळ टाकणाऱ्यांनी १९९८ ते २०१२ या काळात पकडलेल्या माशांच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्यांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की बाहेरून आलेला महासीर वाढत गेला आणि वशिंडाचा जवळजवळ दिसेनासा झाला. २०१८ मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. पैदास करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. कावेरीच्या पाण्यात कावेरीचेच आई-बाप हवेत, हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

हॅनफर्डला नोव्हेंबरात फळलेली अंडी हिवाळाभर उबतात आणि पिल्लं साधारण जूनमध्ये नदीत सोडली जातात. तीन-चार वर्षांनी त्यांतली थोडी परततील. बाप गळाने आणलेला नदीचा असला तरी त्यांच्या कानातल्या खड्यात केंद्राची वर्तुळं असतील आणि मोजणीत ती केंद्राचीच धरली जातील. त्यांतली एखादी मादी पाट चुकवून व्हर्निटा या धरणाखालच्या विणीच्या जागी, तिथल्या गोट्यांवर वीण करील. तिच्या पिल्लांच्या कानातला खडा मात्र कोरा असेल.