पोटात पाणी का होतं? ओएचएसएसच्या मागची जुनी गोष्ट

आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) चालू असलेल्या बायकांच्या तोंडी हल्ली दोन शब्द हमखास असतात, ओएचएसएस (बीजं वाढवायच्या इंजेक्शनांनंतर ओव्हरी प्रमाणाबाहेर सुजून पोटात पाणी होतं तो त्रास) आणि फ्रीज ऑल (सगळे एम्ब्रियो, म्हणजे लॅबमध्ये तयार झालेले गर्भ, गोठवून ठेवणं). दुसरा शब्द ऐकला की बऱ्याच जणींचा हिरमोडच होतो, एग पिकअप (ओव्हरीतून बीजं काढून घेणं) झालं, एम्ब्रियो छान झाले, आणि डॉक्टर म्हणतात आत्ता ट्रान्सफर (एम्ब्रियो गर्भाशयात सोडणं) नको, पुढच्या महिन्यात बघू. हे पुढे ढकलणं कुठून आलं ते कळायला साठेक वर्षं मागे जावं लागतं.

स्वीडनमध्ये कार्ल गेमझेलनी १९५८ मध्ये मृत माणसांच्या पिट्युटरी ग्रंथीतून काढलेलं हार्मोन टोचून स्त्रीबीज तयार होतं हे दाखवलं, पण तो माल मिळणार किती? मग इटलीत पिएरो डोनिनीनी मेनोपॉज झालेल्या बायकांच्या लघवीतून तेच हार्मोन वेगळं काढायची जी पद्धत बसवली होती तिला भाव आला, आणि ब्रुनो लुनेनफेल्डनी ते इस्रायलमध्ये पेशंटना दिलं. एवढी लघवी आणायची कुठून, तर इटलीतल्या कॉन्व्हेंटमधल्या वयस्कर नन्सकडून, आणि ती सोय लागली ती पोपच्या पुतण्याच्या ओळखीने (तो सेरोनो कंपनीच्या बोर्डावर होता). ओळख काय कामाला येईल सांगता येत नाही.

औषध लागू पडलं, जरा जास्तच. महिन्याला एक बीज सोडणारी ओव्हरी एकदम दहा-वीस फॉलिकल (बीज वाढतं त्या पिशव्या) करायला लागली, काहींची पोटं फुगली, पोटात पाणी झालं, छातीतही झालं. १९६५ मध्येच लॅन्सेटमध्ये या इंजेक्शनांनंतर रक्ताच्या गुठळ्या झाल्याचं छापून आलं होतं, आणि १९६७ मध्ये रबाऊ, लुनेनफेल्ड वगैरेंनी या त्रासाच्या पायऱ्या लावल्या. म्हणजे पहिलं टेस्ट ट्यूब बेबी जन्मायच्या अकरा वर्षं आधीच हा आजार नीट माहीत होता! आणि ते १९७८ चं बाळ तर नॅचरल सायकलमधलं, त्यात स्टिम्युलेशन (इंजेक्शनांनी बीजं वाढवणं) नव्हतंच.

बरीच वर्षं लोकांना वाटायचं की इंजेक्शनांचा डोस जास्त झाला की हे होतं. ते अर्धंच खरं. डोसने फॉलिकल वाढतात, पण खरी ठिणगी पडते ती ट्रिगरच्या (बीजं पिकवायला शेवटी देतात त्या इंजेक्शनच्या) एचसीजी या हार्मोनने. त्याच कामाचं शरीराचं स्वतःचं हार्मोन एलएच तासाभरात निम्मं होतं, एचसीजी मात्र दिवसचे दिवस रक्तात टिकतं आणि सुजलेल्या ओव्हरीकडून व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन भरपूर सोडवून घेतं, त्याने बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, पाणी पोटात उतरतं आणि रक्त मात्र घट्ट होत जातं. म्हणून वॉर्डमध्ये रोज सकाळी वजन, टेपने पोटाचा घेर, चोवीस तासांची लघवी मोजून, आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) ४५ टक्क्यांच्या वर गेलं की सगळ्यांची धावपळ.

आता प्रेग्नन्सीचा भाग. बाळ रुजलं की ते स्वतःच एचसीजी बनवतं, म्हणजे ट्रिगर आतूनच रोज चालू, आणि जुळी असली तर जास्तच. म्हणून बीटा (प्रेग्नन्सीची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आल्यावर, एग पिकअपला दहा-बारा दिवस झाल्यावर जो त्रास होतो तो आधीच्यापेक्षा जड आणि लांबतो. पेढे वाटायच्या वेळी बाई ॲडमिट! स्वीडनच्या २०१२ च्या अभ्यासात ओएचएसएस झालेल्यांना पहिल्या तीन महिन्यांत गुठळ्यांचा धोका नॉर्मल प्रेग्नन्सीच्या जवळपास शंभरपट दिसला, त्यासाठीच रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं देतात. पुढे बीपी वाढणं आणि वेळेआधी डिलिव्हरी यांचा धोका थोडा जास्त असू शकतो असं ब्रिटनच्या आरसीओजी या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेची गाइडलाइन सांगते. मिसकॅरेजबद्दल मात्र अभ्यासांचं एकमत नाही, त्यामुळे कुणी छातीठोक सांगत असेल तर सोडून द्या.

मग उपाय काय निघाला, तर ट्रिगर बदला आणि प्रेग्नन्सी त्या महिन्यात नकोच. १९९० च्या आसपास एचसीजीऐवजी जीएनआरएच ॲगोनिस्टचा (पिट्युटरीकडून शरीराचंच एलएच सोडवून घेणाऱ्या औषधाचा) ट्रिगर आला, पण तेव्हाच्या लाँग प्रोटोकॉलमध्ये (त्यात पिट्युटरी आधीच दाबून ठेवलेली असते) तो चालायचाच नाही, २००० च्या सुमाराला ॲन्टॅगोनिस्ट औषधं (बीज वेळेआधी सुटू न देणारी) आली तेव्हा कुठे तो उपयोगाचा झाला, आणि २०११ मध्ये बेल्जियमच्या डेव्ह्रॉय यांनी ओएचएसएस-मुक्त क्लिनिकची कल्पनाच मांडली, ॲन्टॅगोनिस्ट, ॲगोनिस्ट ट्रिगर, सगळे एम्ब्रियो फ्रीज.

गंमत (की वाईट?) बघा, कोलकात्यात सुभाष मुखर्जींनी १९७८ मध्येच इंजेक्शनांनी बीजं वाढवून, एम्ब्रियो ५३ दिवस गोठवून, नंतरच्या सायकलमध्ये सोडला होता, आणि बाळही जन्मलं होतं. ओएचएसएस टाळायला म्हणून नव्हे, पण क्रम अगदी आजचाच. त्यांची सरकारी समितीने खिल्ली उडवली, १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. १९८६ मध्ये मुंबईत केईएमला डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीमचं बाळ जन्मलं तेच देशातलं पहिलं मानलं गेलं, आणि पुढे त्याच टीममधल्या डॉ. आनंद कुमार यांनी मुखर्जींच्या वह्या वाचून १९९७ मध्ये जाहीर केलं की पहिला मान त्यांचा.

फ्रीज ऑल म्हणजे सगळं सुटलं असं नाही हं. चीनमध्ये पीसीओएसच्या (ओव्हरीत बारीक फॉलिकल खूप, पाळी अनियमित) १५०८ बायकांवर झालेल्या ट्रायलमध्ये (२०१६) फ्रोझनला ओएचएसएस १.३ टक्के, फ्रेशला ७.१, बाळंही फ्रोझनला जास्त, पण प्रीएक्लॅम्प्सिया (प्रेग्नन्सीत बीपी धोकादायक वाढणं) फ्रोझनला ४.४ टक्के, फ्रेशला १.४. गोळ्यांवर गर्भाशयाचं अस्तर बनवलेल्या फ्रोझन सायकलमध्ये कॉर्पस ल्युटियमच (बीज सुटल्यावर ओव्हरीत उरणारी, हार्मोन बनवणारी गाठ) नसतं, त्याचा यात हात असावा असा आता संशय आहे, म्हणून ज्यांची पाळी नियमित आहे त्यांना काही डॉक्टर नॅचरल सायकलमध्येच ट्रान्सफर सुचवतात.