सीपॅपचा रॅम्प आणि ईपीआर: प्रेशर दोन्हीत कमी होतं, पण कामं वेगळी

सीपॅप म्हणजे झोपेत घसा बंद पडून श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. ते नवीन घेतलेल्या माणसाची पहिल्या आठवड्यातली तक्रार ठरलेली असते, प्रेशर झेपत नाही. मग कोणी सांगतं रॅम्प वाढव, कोणी सांगतं ईपीआर ३ वर टाक (दोन्ही मशीनमधल्याच सेटिंग), आणि तो बिचारा दोन्ही एकदम लावून मोकळा होतो कारण त्याच्या लेखी दोन्ही म्हणजे प्रेशर कमी करायची सोय. चार रात्रींनी परत तीच तक्रार. होतं काय की "प्रेशर झेपत नाही" म्हणताना लोक दोन वेगळ्याच गोष्टी सांगत असतात. एकाला मास्क लावून झोपच लागत नाही, दुसऱ्याला श्वास बाहेर सोडताना समोरून कोणीतरी फुंकतंय असं वाटतं. पहिल्यासाठी रॅम्प, दुसऱ्यासाठी ईपीआर.

रॅम्प घड्याळावर चालतो. समजा डॉक्टरांनी १० प्रेशर ठरवून दिलंय. हे १० म्हणजे दहा सेंटीमीटर उंच पाण्याचा दाब, हवेच्या नेहमीच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का, पण नाकात शिरला की एवढासाही बराच वाटतो. रॅम्प चालू असेल तर मशीन एकदम १० देत नाही, ४ किंवा ५ पासून सुरुवात करतं आणि ठरवलेल्या वेळात, बऱ्याच मशीनवर ५ ते ४५ मिनिटांत, हळूहळू १० ला नेऊन ठेवतं. तिथे पोचलं की रॅम्पचं काम संपलं, नंतर पूर्ण रात्र १० च. काही मशीनवर ऑटो रॅम्प असतो, तो मिनिटं मोजत बसत नाही, तुमच्या श्वासावरून झोप लागल्याचा अंदाज घेतो आणि मग प्रेशर चढवतो.

ईपीआरचा घड्याळाशी संबंध नाही, तो प्रत्येक श्वासावर चालतो. श्वास आत घेताना १०, बाहेर सोडताना थोडं कमी, परत आत घेताना १०, असं रात्रभर. किती कमी करायचं त्याच्या तीन पायऱ्या असतात, १, २ आणि ३ सेंटीमीटर. म्हणजे १० वर ईपीआर ३ लावला तर श्वास सोडताना ७ मिळतं. ईपीआर हे रेसमेड या कंपनीचं नाव आहे. फिलिप्सच्या मशीनवर सी-फ्लेक्स किंवा ए-फ्लेक्स दिसेल, त्यांनाही १-२-३ असेच आकडे असतात पण चाल जरा वेगळी. ईपीआर श्वास सोडायला लागल्यापासून पुढचा श्वास घेईपर्यंत प्रेशर खाली धरून ठेवतो, सी-फ्लेक्स तुम्ही किती जोरात सोडताय त्या प्रमाणात उतरतो आणि श्वास संपायच्या आतच परत वर येतो. म्हणून एका मशीनवरचा ३ आणि दुसऱ्यावरचा ३ सारखा वाटेल ही अपेक्षा ठेवू नका.

आता खरी गंमत, जी मशीन देताना सहसा कोणी सांगत नाही. बहुतेक सीपॅप ४ च्या खाली जातच नाहीत. त्यामुळे रॅम्प ४ पासून सुरू होत असेल आणि ईपीआर ३ लावलेला असेल तरी सुरुवातीला ईपीआरला काही करायला जागाच नसते. प्रेशर ६ ला पोचलं की २ ची सूट, ७ ला पोचलं की पूर्ण ३ ची. माणूस पहिली दहा मिनिटं पडून म्हणतो ईपीआर लावूनसुद्धा काडीचा फरक नाही, आणि तो बंद करून टाकतो! फरक कळायची वेळच आलेली नसते अजून.

त्याच ४ ची आणखी एक भानगड आहे. आपल्याला वाटतं कमी प्रेशर म्हणजे जास्त आराम, पण बऱ्याच मोठ्या माणसांना ४ वर गुदमरल्यासारखं होतं. मास्कला बारीक भोकं असतात, सोडलेला श्वास त्यातून बाहेर जातो, आणि किती हवा बाहेर जाणार ते आतल्या प्रेशरवर ठरतं. प्रेशर कमी तर हवा कमी खेळते, मास्कमध्ये कोंदट वाटतं, माणूस घाबरून मास्क ओढून काढतो आणि सांगतो की प्रेशर जास्त आहे, खरं तर ते कमी पडत असतं. अशा वेळी रॅम्प अजून लांबवणं म्हणजे उलटा उपाय झाला. रॅम्पची सुरुवात ४ ऐवजी ६ किंवा ७ ला केली की बऱ्याच जणांचं हे कोंदटणं जातं. माझं विचाराल तर ४ पासून ४५ मिनिटांचा रॅम्प ही जोडी सगळ्यात जास्त लोकांना छळते.

रॅम्पची दुसरी अडचण म्हणजे पडल्यापडल्या घोरायला लागणारी माणसं. झोप पाच मिनिटांत लागली आणि रॅम्प अर्ध्या तासाचा आहे, तर मधली पंचवीस मिनिटं तुम्ही झोपलेले असता आणि प्रेशर घसा उघडा ठेवण्याइतकं नसतं, म्हणजे त्या वेळात उपचार अर्धवटच. रात्री उठून परत मशीन चालू केलं की रॅम्प परत पहिल्यापासून. दोनतीनदा उठणाऱ्याचा बराच वेळ असाच जातो, त्याला छोटा रॅम्प बरा, नाहीतर बंदच.

ईपीआरचा तोटा वेगळ्या जातीचा आहे. झोपेत घसा बंद पडतो तो बऱ्याचदा श्वास सोडून संपत आला असताना, आणि तो उघडा धरून ठेवण्यात श्वास सोडतानाच्या प्रेशरचा मोठा वाटा असतो. स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेच्या तपासणीत, तुमचं ८ ठरलं आणि तुम्ही ईपीआर ३ लावला तर त्या क्षणी हातात ५ च आहे. काहींना काही फरक पडत नाही, काहींचा एएचआय, म्हणजे तासाला किती वेळा श्वास अडकला तो आकडा, वर जातो. उपचारात तो ५ च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो. ईपीआर लावल्यावर तो चढला तर डॉक्टर मूळ प्रेशर थोडं वाढवतात किंवा ईपीआर उतरवतात. स्वतःच्या मनाने मात्र मूळ प्रेशरला हात लावू नका, रॅम्पची वेळ बदलणं वेगळं आणि हे वेगळं.

आणि हो, एक सेटिंग आहे ज्याने या दोघांची पार खिचडी होते, ईपीआर "फक्त रॅम्पमध्ये". म्हणजे रॅम्प चालू आहे तोवर श्वास सोडताना सूट, रॅम्प संपला की सूट बंद. रात्री एक वाजता जाग येते, श्वास सोडायला जड जातो, आणि माणसाला वाटतं मशीन बिघडलं कारण झोपताना तर सगळं छान होतं. मशीनला काही झालेलं नसतं. ईपीआर "पूर्णवेळ" वर आहे का तेवढं बघायचं, आणि तो मेनू तुमच्या मशीनवर लॉक असेल तर सेटिंग करणाऱ्याला विचारायचं.

ऑटो मशीनवाल्यांसाठी वेगळी टीप. त्यात समजा ६ ते १४ अशी रेंज दिलेली असते आणि घसा आखडायला लागला की मशीन आपणहून प्रेशर चढवतं. पहाटे जाग आली आणि वारा जोरात लागला तर तो रॅम्प नाही आणि ईपीआरही नाही, ते ऑटोचं काम आहे. त्या वेळी काहीजण रॅम्पचं बटण दाबून प्रेशर खाली आणतात, परत झोप लागावी म्हणून ते ठीक आहे, पण रोज रात्री दाबावं लागत असेल तर आधी लीक तपासा, म्हणजे मास्कच्या कडेने हवा गळते का ते. मास्क बऱ्याचदा रॅम्पच्या हलक्या प्रेशरवर बसून, आरशात बघून लावलेला असतो, १२ वर तो गालापासून उचलला जातो आणि हवा डोळ्यात जाते. पट्टे आडवं होऊन, पूर्ण प्रेशरवर जुळवायचे, काही मशीनवर त्यासाठी मास्क फिट असा पर्यायच असतो.

बदल करताना एका वेळी एकच करा आणि काही रात्री तसंच राहू द्या, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळणार नाही. पोटात हवा जाऊन सकाळी ढेकर येत असतील तर आधी ईपीआर वाढवून बघण्यात अर्थ आहे, रॅम्पने त्यात फारसं काही होत नाही. पण ईपीआर वाढवल्यानंतर मशीनच्या रिपोर्टमध्ये "सेंट्रल" किंवा "क्लिअर एअरवे" नावाचे एपनिया, म्हणजे श्वास थांबल्याच्या नोंदी, दिसायला लागले तर थांबा. तिथे घसा उघडाच असतो, मेंदूच काही क्षण श्वास घ्यायला सांगत नाही, आणि काही लोकांमध्ये आत-बाहेरच्या प्रेशरमधला फरक वाढला की हे वाढतं कारण शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. तो रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा आणि ईपीआर कुठल्या तारखेला बदलला तेही सांगा.