मानेतली गाठ (तपासणी)

मान, जबड्याखालची जागा, कानापुढचा भाग नाहीतर कॉलरबोनच्या वरचा खळगा, इथं हाताला लागणारा कुठलाही फुगवटा या नोंदीत धरलाय. सर्दी-घशानंतर लेकरांच्या जबड्याखाली येणारी दुखरी गाठ सगळ्यांनाच माहीत असते, ती बहुतेकदा दोन-तीन आठवड्यांत बसते.

नावांचा घोळ जुना आहे. नागपूरकडं म्हातारी माणसं अजून गंडमाळा म्हणतात, आणि डॉक्टरही तो शब्द ऐकला की टीबी समजतात. चरकसंहितेत हिशोब सोपा, गळ्याच्या बाजूला एक गाठ असली तर गलगंड आणि पुष्कळ असल्या तर गंडमाळा. हा श्लोक चिकित्सास्थानातला (ग्रंथाचा उपचारांचा भाग), आणि त्या स्थानाचे १७ अध्याय दृढबल या नंतरच्या वैद्यानं मागाहून पूर्ण केले, पण नेमके कोणते यावर एकमत नाही, त्यामुळं श्लोकाचं वय ठामपणे सांगता येत नाही. सुश्रुत आपल्या संहितेतल्या निदानस्थानाच्या (रोग ओळखायचा भाग) ११व्या अध्यायात अपची सांगतो: आवळ्याच्या बीएवढ्या, माशांच्या अंड्यांसारख्या गाठी, काही फुटतात, काही विरतात, नव्या येतात, असं वर्षानुवर्षं चालतं. माधवनिदान (माधवाचा रोगनिदानाचा ग्रंथ, बहुधा ७वं-८वं शतक) दोन्ही जोडून टाकतं, म्हणजे गंडमाळाच पिकून वाहायला लागली आणि लांबली की ती अपची. वर्णन टीबीशी जुळतं हे खरं, पण माधव त्यात काखेतल्या अन् जांघेतल्या गाठीही धरतो, आणि क्षयाचा म्हणजे टीबीचा जंतू तर रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरनं १८८२ मध्ये दाखवला. म्हणून गंडमाळा हे लक्षणाचं नाव मानलेलं बरं, एका रोगाचं नाही.

इंग्रजी पुस्तकांत ८० टक्क्यांचा नियम असतो, मोठ्या माणसाच्या मानेतली थायरॉइड सोडून गाठ बहुतेक ट्यूमरची आणि त्यातही बहुतेक कॅन्सरची. तो अमेरिकेतल्या पेशंटवरून काढलेला, आपल्याकडं टीबीच्या गाठी इतक्या की तो जसाच्या तसा लावू नये. पण उलटी चूकही होते, गाठ दिसली की तपासणी न करताच टीबीच्या गोळ्या सुरू.

गाठ पाठीमागून उभं राहून चाचपतात. गिळताना वर सरकली तर थायरॉइडचा संशय, जीभ बाहेर काढल्यावरही सरकली तर थायरोग्लॉसल सिस्ट (थायरॉइडच्या जन्माआधीच्या वाटेवर राहिलेली पाण्याची गाठ). आडवी हलते पण वर-खाली हलत नाही आणि ठोके लागतात, अशी गाठ कॅरोटिड बॉडीची (मानेतल्या मोठ्या धमनीला लागून असलेल्या बारीक पेशीपुंजाची) असू शकते, तिथं स्कॅनच्या आधी सुई नाही. डाव्या कॉलरबोनच्या वर कडक गाठ असली तर पोट आणि छातीही बघावी लागते. मोठ्या माणसाची दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेली, दीड सेंटीमीटरहून मोठी, कडक किंवा चिकटून बसलेली गाठ अँटिबायोटिकवर रेंगाळत ठेवू नये.

पण मानेच्या आधी तोंड. नागपुरात हे जास्तच, कारण पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा (सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण) गालात धरणारे कमी नाहीत, आणि गालाचा किंवा जिभेचा कॅन्सर पहिल्यांदा मानेतल्या गाठीनंच कळतो असं पुष्कळदा होतं. बोट घालून जीभ, गाल, टॉन्सिल चाचपायचे, मग दुर्बीण नाकातून घशापर्यंत.

त्यानंतर सोनोग्राफी आणि एफएनएसी, म्हणजे साधारण २३ ते २५ गेजच्या बारीक सुईनं पेशी काढणं. मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी दवाखान्यांत या चाचणीला लोक ‘सुईची तपासणी’ म्हणतात आणि सुईनं कॅन्सर पसरतो या भीतीनं काही जण घरी परत जातात, तर या बारीक सुईनं तसं होणं फार दुर्मिळ. काही स्लाइड वाळवून जिम्सा रंगासाठी, काही अल्कोहोलमध्ये बुडवून पॅप रंगासाठी, आणि टीबी वाटला तर एक झील-नीलसनला, म्हणजे टीबीचा जंतू दाखवणाऱ्या रंगाला. पू निघाला की सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी मशीनवरची चाचणी), दोनेक तासांत जंतूही कळतो आणि रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का तेही. कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं, हळू, आठवडे लागतात.

चाळिशीनंतर मानेत पाण्याची गाठ दिसली तर ती ब्रँकियल सिस्टच (जन्मजात, साधी पाण्याची गाठ) असेल असं धरू नये, टॉन्सिलच्या किंवा थायरॉइडच्या कॅन्सरची गाठही आतून अशीच पातळ होते. अख्खी गाठ काढून बघायची वेळ शेवटी, मुख्यतः लिम्फोमाचा (लसीकाग्रंथींच्या कॅन्सरचा) संशय असेल तेव्हा, कारण त्याचा प्रकार ठरवायला सुईचं सामान पुरत नाही. कानाखालच्या लाळग्रंथीत मात्र चिरून तुकडा काढत नाहीत, चेहऱ्याची नस तिथूनच जाते.