बालकांच्या चेहऱ्यावरील पुरळ : घरगुती उपचार

तान्ह्या बाळांच्या व लहान मुलांच्या गालांवर, हनुवटीवर, कपाळावर किंवा तोंडाभोवती उठणारा लालसरपणा, बारीक पुटकुळ्या, खरखरीत चट्टे आणि खाज यांसाठी घरच्या घरी घेतली जाणारी काळजी. हे पुरळ म्हणजे एकच एक आजार नव्हे. लाळ, घाम, कोरडेपणा, इसब, जंतुसंसर्ग अशी त्याची कारणे निरनिराळी असतात. बाळाच्या त्वचेचा वरचा थर मोठ्यांपेक्षा पातळ असतो, त्यातून ओलावा लवकर उडतो आणि बाहेरून लावलेले औषध आत लवकर शिरते. त्यामुळे बहुतेक वेळा चेहऱ्याला नवे काही लावण्यापेक्षा आधीपासून लावले जाणारे काय बंद करायचे, हे ठरवणे जास्त उपयोगी पडते.

नवजात बाळाच्या पुरळाला सहसा उपचारच लागत नाही. पूर्ण दिवसांच्या जवळजवळ निम्म्या बाळांना पहिल्या काही दिवसांत लाल डाग आणि त्यांवर पिवळट पुटकुळ्या उठतात. आठवड्या-दोन आठवड्यांत त्या आपोआप जातात. नाकावर व गालांवर दिसणारे पांढरे बारीक दाणे म्हणजे त्वचेत अडकलेले केराटिन हे त्वचेचेच प्रथिन; ते फोडू नयेत. दोन ते चार आठवड्यांच्या सुमारास मुरमांसारखे पुरळ येते, त्याचा त्वचेवरील मॅलॅसेझिया या यीस्टशी (एका प्रकारच्या सूक्ष्म बुरशीशी) संबंध जोडला जातो. हे यीस्ट तेलकटपणावर वाढते, म्हणून अशा गालांवर तेल चोळू नये. साध्या कोमट पाण्याने चेहरा पुसला तरी पुरते.

दात येऊ लागले की, म्हणजे साधारण चौथ्या महिन्यापासून, लाळेचे पुरळ सुरू होते. सतत ओली राहिलेली त्वचा मऊ पडते, त्यावर लाळेतील विकरे (पचनाला मदत करणारे घटक) आणि पुसण्याचे घर्षण यांचा मारा होतो. हनुवटी, गळ्याच्या वळ्या आणि ज्या कुशीवर बाळ झोपते त्या बाजूचा गाल लाल होतो. येथे पुसण्याची पद्धतच उपचार ठरते. धुवून मऊ झालेल्या सुती कापडाने लाळ टिपून घ्यावी, घासू नये. सुवासिक ओले टिश्यू टाळावेत. लाळेरे ओले झाले की लगेच बदलावे. दूध किंवा भरवण्याआधी हनुवटीवर आणि तोंडाच्या कडेला पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा, म्हणजे लाळ आणि टोमॅटो-संत्र्यासारखे आंबट पदार्थ थेट त्वचेला लागत नाहीत. मोठी मुले हिवाळ्यात ओठ चाटून तोंडाभोवती लाल कडे करून घेतात, त्यांनाही हीच जेली लागू पडते.

इसब मात्र चिवट असतो. तो बहुधा दोन ते सहा महिन्यांच्या वयात गालांवर दिसू लागतो. नाकाचा शेंडा आणि लंगोटाखालची जागा मात्र सहसा सुटते. बाळ रात्री गाल गादीवर घासते. घरात दमा, सर्दी-शिंका किंवा इसब असेल तर शक्यता वाढते. फिलॅग्रिन हे त्वचेचा वरचा थर घट्ट ठेवणारे प्रथिन. त्याच्या जनुकातील बिघाड आणि इसब यांचा संबंध 2006 मध्ये दाखवला गेला. म्हणून येथे त्वचेचा ओलावा टिकवणे हा पाया. आंघोळ पाच-दहा मिनिटांची, कोमट पाण्याची असावी. अंगावर वाफ निघेल असले कढत पाणी नको. अंग टिपून ते किंचित दमट असतानाच बिनवासाचे घट्ट मलम लावावे आणि दिवसातून दोन-तीनदा पुन्हा लावावे. इसब असलेल्या मुलांवर फिलिपीन्समध्ये झालेल्या एका चाचणीत शुद्ध खोबरेल तेल खनिज तेलापेक्षा सरस ठरले. ऑलिव्ह तेल मात्र त्वचेचा थर कमकुवत करते असे आढळले आहे. नखे कापलेली असावीत, लोकर गालाला लागू नये. अंगावर पाजणाऱ्या आईने केवळ अंदाजाने शेंगदाणे, अंडी, दूध सोडून स्वतःची उपासमार करण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्रातल्या बाळंतिणीच्या खोलीतले काही रिवाज येथे आड येतात. लव जावी म्हणून डाळीचे पीठ व साय लावून गाल चोळणे, आंघोळीनंतर वेखंडाची पूड, ओवा-धुपाची शेगडीवरची धुरी: निरोगी त्वचा हे सोसून जाते, पण पुरळ उठलेला गाल याने चिडतो. लिंबाचा रस तर उन्हात त्वचा भाजूही शकतो. हळदीने मूळची लाली झाकली जाते आणि डॉक्टरांना नेमके काय झाले आहे ते दिसत नाही. पावडर श्वासावाटे छातीत जाते. घामोळ्यांना हवा आणि सैल झबले पुरे.

शाळकरी मुलांच्या गालांवरचे फिकट पांढरे चट्टे जंतांमुळे किंवा कॅल्शियम कमी पडल्याने येतात, ही समजूत घरोघर आहे. बहुधा तो सौम्य इसबाचाच प्रकार असतो. रंग परतायला काही महिने लागतात.

खरा धोका शेजाऱ्यांनी सुचवलेल्या ट्यूबचा. औषधाच्या दुकानात सहज मिळणाऱ्या अनेक मलमांत तीव्र स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असतात. लावल्यावर दोन दिवसांत गाल स्वच्छ दिसतो, बंद केले की दुप्पट उसळतो. महिनोन्‌महिने वापरल्यास त्वचा पातळ होऊन केशवाहिन्या दिसू लागतात. भारतात 2018 मध्ये त्वचेवर लावायची 14 स्टिरॉइडे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई झाली. उलट, डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिलेले हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टिरॉइड घाबरून न लावणे हेही मुलाच्या हिताचे नाही.

पिवळट, मधाच्या रंगाची खपली धरली, पू आला, डोळ्याजवळ सूज आली किंवा इसबावर अचानक दुखऱ्या, एकसारख्या फोडांचे पुंजके उठले, तर घरी थांबू नये. खोकला, लाल डोळे आणि तापानंतर कानामागून चेहऱ्यावर उतरणारे पुरळ गोवराचे असू शकते. कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवून वाट पाहण्यात वेळ जातो. तीन महिन्यांखालच्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल तर पुरळ कसेही असो, त्याच दिवशी दाखवावे. तापात उठलेले डाग काचेच्या पेल्याने दाबूनही फिके पडत नसतील तर थेट रुग्णालय गाठावे.