लकडी पूल

लकडी पूल : पुणे शहरातील मुठा नदीवरचा एक जुना पूल. अधिकृत नाव छत्रपती संभाजी महाराज पूल. पूर्वेकडील टिळक चौक व पेठांचा भाग तो पश्चिमेकडील डेक्कन जिमखान्याशी जोडतो.

पहिला पूल लाकडाचा होता आणि तो नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधला गेला, असे परंपरा मानते. कालनिर्णय मात्र वादाचा आहे. प्रचलित आख्यायिकेनुसार पानिपताहून (१४ जानेवारी १७६१) पराभूत होऊन परतणाऱ्या सैन्याला नेहमीच्या वाटेने शहरात येऊ द्यायचे नाही, म्हणून पेशव्यांनी हा पूल घाईने उभारविला. ही कथा जशीच्या तशी स्वीकारणे कठीण आहे. पराभवाची बातमी नानासाहेबांना भेलशाकडे (आजचे मध्य प्रदेशातील विदिशा) मुक्कामी असताना कळली. खचलेल्या अवस्थेत ते पुण्यास परतले आणि २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचे निधन झाले. परतीनंतर उरलेल्या थोडक्या दिवसांत असे बांधकाम सुचून तडीस जाणे संभवनीय वाटत नाही. त्यांच्याच कारकिर्दीत सदाशिव पेठेसारखी वस्ती या बाजूस वाढत होती. नदीपार जाण्याची ही रोजची निकड पुलामागे असावी, हे मत अधिक ग्राह्य दिसते. ज्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने ती पेठ ओळखली जाते ते पानिपतावरच पडले; पुलाची कथा त्या रणाशी जोडली जाण्यास लोकस्मृतीतील हे दुःखही कारण झाले असेल.

लाकडी पूल पुराने नष्ट झाल्यावर १८४०च्या दशकात त्या जागी दगडी कमानींचा पूल झाला. पुढे त्याचे रुंदीकरण झाले.

लाकूड गेले, तरी नाव टिकले. ‘पूल’ हा शब्द फार्सी. ‘लाकडी’ऐवजी ‘लकडी’ हे रूप हिंदुस्थानी वळणाचे आहे. हैदराबादेतील ‘लकडी का पूल’ हे स्थलनाम याच घडणीचे. संभाजी महाराजांचे नाव पुढे अधिकृतपणे दिले गेले, पण बोलण्यात जुनेच नाव राहिले.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुरात पूल पाण्याखाली गेला. पुलावर दुचाकींना अनेक वर्षे मनाई होती. पश्चिमेकडील वनाझ भागातून येणारा मेट्रोमार्ग येथे उंचावरून पूल ओलांडतो. विसर्जन मिरवणुकीतील उंच रथांना त्याचा अडथळा होईल, म्हणून २०२१ मध्ये गणेश मंडळांनी त्यास हरकत घेतली होती.