शाळा उघडण्याआधी झोपेचे घड्याळ

नवे शैक्षणिक वर्ष जवळ आले की दप्तर, वह्या आणि पेन्सिलींची खरेदी वेळेवर होते. मुलांच्या झोपेचा विचार मात्र अनेक घरांत थेट शाळेच्या आदल्या रात्री होतो. सुटीभर साडेअकरापर्यंत जागणाऱ्या मुलाला त्या रात्री नऊ वाजता अंथरुणावर पाठवले जाते, दिवे मालवले जातात आणि मूल तासभर कूस बदलत राहते, मध्येच पाणी मागते, उठून बाहेर येते. मोठ्यांना हा हट्ट वाटतो. वस्तुतः त्या वेळी त्याला झोप न येणे हेच शरीराच्या नियमाला धरून असते.

झोप केव्हा लागेल हे दोन गोष्टींवर ठरते. जागेपणाच्या काळात मेंदूत अॅडेनोसिनसारखी द्रव्ये साठत जातात आणि झोपेची ओढ वाढत जाते, ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट म्हणजे मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणारे चेतातंतू जिथे एकमेकांना ओलांडतात त्या जागेच्या अगदी वर असलेला सुमारे २०,००० चेतापेशींचा एक पुंजका; हेच शरीराचे मुख्य जैविक घड्याळ. झोपेची ओढ दिवसभर वाढत असूनही आपण संध्याकाळी पेंगत नाही, कारण हे घड्याळ त्या वेळी जागे राहण्याचा जोर वाढवत असते. पेरेट्झ लावी या संशोधकाने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तरुणांना दर २० मिनिटांपैकी ७ मिनिटे झोपण्याची संधी दिली जाई आणि उरलेली १३ मिनिटे जागे ठेवले जाई. नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास हा झोप लागण्यास सर्वांत कठीण काळ असतो, असे त्यांतून दिसले. लावी यांनी त्याला झोपेचा निषिद्ध काळ म्हटले. साडेअकराला झोपणाऱ्या मुलाचे नऊ वाजणे नेमके याच काळात येते, आणि तेथे रागावून काही साधत नाही.

मग घड्याळ अलीकडे आणायचे कसे? माणसाच्या जैविक घड्याळाचा फेरा सरासरी २४ तासांहून किंचित अधिक, साधारण २४.२ तासांचा असतो, त्यामुळे मोकळे सोडले तर ते रोज थोडे पुढे सरकते. त्याला रोज जागेवर आणण्याचे काम मुख्यतः प्रकाश करतो. डोळ्याच्या दृष्टिपटलात मेलानोप्सिन हे रंगद्रव्य असलेल्या काही पेशी असतात. त्या आजूबाजूच्या उजेडाची खबर थेट या घड्याळाला देतात. सकाळचा प्रकाश घड्याळ अलीकडे आणतो, तर रात्रीचा प्रकाश ते लांबवतो. म्हणूनच सुधारणा रात्रीपासून नव्हे, तर सकाळपासून सुरू करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. शाळा उघडण्याच्या दहा-पंधरा दिवस आधीपासून दर एक-दोन दिवसांनी मुलाला पंधरा मिनिटे लवकर उठवावे आणि उठल्यावर लगेच उघड्यावर न्यावे. ढगाळ आकाशाखालीही काही हजार लक्स (उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश असतो, घरातल्या दिव्यांखाली मात्र फार तर काहीशे लक्स. आपला डोळा दोन्हींशी जुळवून घेतो, त्यामुळे हा फरक जाणवत नाही इतकेच. उठणे असे अलीकडे आले की झोप त्याच्या मागोमाग येते.

रात्रीच्या उजेडाला लहान मुले फारच संवेदनशील असतात. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी ३ ते ५ वर्षांच्या मुलांना झोपेच्या आधीच्या तासात सुमारे १,००० लक्स प्रकाश असलेल्या मेजावर खेळू दिले, तेव्हा मेलाटोनिन या रात्रीच्या संप्रेरकाचे प्रमाण जवळजवळ ८८ टक्क्यांनी घटले आणि दिवा बंद केल्यावर ५० मिनिटांनीही बहुतेकांमध्ये ते पुरेसे सावरले नाही. मुले अवघी १० होती, त्यामुळे या आकड्याला फार चिकटून बसू नये. पण झोपेच्या आधीच्या तासात घरातले दिवे मंद ठेवण्यास आणि मोबाइल-टीव्हीचे पडदे बंद ठेवण्यास एवढा आधार पुरेसा आहे.

वयात येणाऱ्या मुलांचे गणित वेगळे आहे. त्यांचे घड्याळच उशिराकडे झुकते, तरीही १३ ते १८ वर्षे वयात ८ ते १० तास झोप लागतेच (६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास). अमेरिकेतील सिअॅटल शहरात २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ जवळपास तासाभराने पुढे नेली, तेव्हा विद्यार्थ्यांची झोप सुमारे ३४ मिनिटांनी वाढल्याचे मोजमापांत दिसले. त्यांच्या आळसाविषयी बोलण्याआधी हे ध्यानात असावे.

लवकर उठलेल्या मुलाने त्या मोकळ्या वेळात काय करावे, हा प्रश्न उरतो. नव्या वर्षाचा अभ्यासक्रम आधीच उरकण्याची घाई मला व्यर्थ वाटते. लांब सुटीत आकडेमोड आणि शुद्धलेखन अधिक विसरले जाते, असे १९९६ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसले होते. तेव्हा गेल्या वर्षाची पाच-सात उदाहरणे, तीही पुस्तक मिटून, आठवून सोडवावीत. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवण्याचा प्रयत्न केल्याने गोष्ट अधिक दिवस टिकते, हे प्रयोगांनी दाखवले आहे.

शाळा सुरू झाल्यावरचा पहिला सुटीचा दिवस मात्र सांभाळावा लागतो. त्या दिवशी दोन-तीन तास उशिरापर्यंत झोपले, तर सकाळचा प्रकाश हुकतो आणि घड्याळ पुन्हा पुढे सरकू लागते. उठण्याची वेळ फार तर तासाभराने लांबू द्यावी. झोप अपुरी झाली असेल, तर दुपारी लवकर थोडा वेळ झोपू द्यावे, संध्याकाळी नाही, कारण त्या डुलकीने दिवसभर साठलेली झोपेची ओढच ओसरते.