पिठातला स्नायू

कुरडया घालणाऱ्या घरात गव्हाचे दोन भाग होताना सगळ्यांनी पाहिलेले असतात. गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदललं जातं, चौथ्या दिवशी तो वाटून, पिळून, गाळून घेतला की पातेल्याच्या तळाशी पांढराशुभ्र चीक बसतो आणि हातात चोथा उरतो. चिकाच्या कुरडया होतात. चोथ्याच्या फार तर भुसवड्या, नाहीतर तो गुरांपुढे जातो. चीक म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. गव्हातलं बरंचसं प्रथिन चोथ्याबरोबर आणि ओतून दिलेल्या आंबूस पाण्याबरोबर गेलेलं असतं.

चीनमधल्या बौद्ध मठांच्या स्वयंपाकघरात गव्हाची हीच फाळणी होते, फक्त जपून ठेवतात ते प्रथिन. त्याला चिनी भाषेत म्येन-जिन म्हणतात. ‘म्येन’ म्हणजे पीठ आणि ‘जिन’ म्हणजे स्नायू, शीर. पिठातला स्नायू. आपण त्यालाच ग्लुटेन म्हणतो. हजार वर्षांहून जास्त काळ कोट्यवधी लोकांनी मांसाच्या जागी खाल्लेला हा पदार्थ साध्या मैद्यातून, पाण्याखेरीज काहीही न वापरता निघतो. चपातीची कणीक रोज मळणाऱ्या आपल्याकडे तो कुणी ताटात घेत नाही, याचं खरोखर आश्चर्य वाटतं.

कणीक ताणली तर ताणली जाते आणि सोडली तर थोडी मागे येते, कारण तिच्यात दोन प्रकारची प्रथिनं आहेत. ग्लायडिनमुळे कणीक सैल पडते, वाहते, लांबते. ग्लुटेनिनचे रेणू लांबलचक असतात, गंधकाच्या बंधांनी एकमेकांना जोडलेले असतात, आणि तेच ताण धरून ठेवतात. कोरड्या पिठात ही प्रथिनं सुटी सुटी पडलेली असतात. पाणी मिळालं की ती फुगतात, आणि मळताना एकमेकांत गुंतून त्यांचं जाळं होतं. स्टार्चचे कण त्या जाळ्यात नुसते अडकलेले असतात, बांधलेले नसतात. म्हणून कणकेचा गोळा पाण्यात चोळला की स्टार्च निघून जातो आणि पाण्यात न विरघळणारं जाळं हातात राहतं.

कुरडईच्या गव्हातून असा रबरी गोळा का निघत नाही, हा प्रश्न इथे येतोच. तीन दिवसांच्या भिजण्यात गहू आंबतो. जंतूंनी तयार केलेलं आम्ल आणि त्यांची विकरं ग्लुटेनच्या साखळ्या तोडतात, त्यामुळे स्टार्च सहज सुटतो. चांगला, भरपूर चीक हवा तर हे तुटणं आवश्यकच आहे. रोमन लेखक केटो याने इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात स्टार्चची हीच रीत लिहून ठेवली आहे, फक्त त्याचा गहू दहा दिवस भिजतो. ग्लुटेन हवं असेल तर मात्र आंबवणं पूर्ण टाळायचं आणि ताज्या पिठापासूनच सुरुवात करायची.

मांसाच्या जागी गहू ठेवण्याची कल्पना चीनमध्ये राजाज्ञेनेही आली. ल्यांग घराण्याचा सम्राट वू (कारकीर्द ५०२ ते ५४९) निष्ठावान बौद्ध होता. त्याने ५१७ मध्ये राजघराण्याच्या पूर्वजांच्या मंदिरातले पशुबळी बंद केले आणि त्या जागी पिठाचे प्राणी ठेवायला सांगितले. भिक्षूंनी मद्य-मांस वर्ज्य करावं यासाठीही त्याने जोर लावला. भारतातल्या मूळ विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमावलीत, भिक्षेत आलेलं मांस काही अटींवर चालत होतं. चिनी मठांतला काटेकोर शाकाहार हा तिकडे रुजलेल्या महायान ग्रंथांचा आणि अशा राजाश्रयाचा परिणाम आहे.

त्या मठांत कांदा-लसूणही नसतो. वर्ज्य मानलेल्या पाच उग्र वनस्पतींच्या चिनी यादीत लसूण आणि कांद्याच्या जातींबरोबर हिंगाचंही नाव आहे. आपल्या नैवेद्याच्या स्वयंपाकात कांदा-लसणीची उणीव हिंग भरून काढतो. तिथे ती वाटही बंद, म्हणून सगळी भिस्त आलं, वाळवलेले मशरूम आणि सोयाबीन आंबवून केलेल्या सॉसवर.

पिठाचे प्राणी म्हणजे ग्लुटेन नव्हे. धुऊन काढलेल्या ग्लुटेनची स्पष्ट नोंद अकराव्या शतकात सापडते, आणि तीही पोलादाच्या संदर्भात. शन ख्वो हा तेव्हाचा मोठा विद्वान. लोखंडातून पोलाद कसं निघतं हे सांगताना तो म्हणतो, की ते पिठातल्या स्नायूसारखं आहे, मऊ पीठ धुऊन काढलं की तो दिसू लागतो. पोलाद समजावून सांगायला त्याने ही उपमा घेतली, म्हणजे म्येन-जिन तेव्हा घरोघरी ठाऊक असणार. त्याच काळातला जोंगशू नावाचा भिक्षू टोफू आणि म्येन-जिनसुद्धा मधात मुरवून खायचा अशी आठवण लू यू या लेखकाने नोंदवली आहे. पाहुण्यांना ते घशाखाली उतरत नसे, फक्त कवी सू तुंगपो त्याच्या बरोबरीने जेवायचा.

आता प्रत्यक्ष कृती. ५०० ग्रॅम मैदा, १ चमचा मीठ, २८० ते ३०० मिलीलिटर पाणी. मिठाने ग्लुटेनचं जाळं घट्ट होतं. चपातीच्या कणकेपेक्षा थोडा घट्ट गोळा दहा मिनिटं चांगला जोर लावून मळा. मग तो बुडेल इतक्या गार पाण्यात तासभर ठेवा. ही विश्रांती वगळली तर पुढचं सगळं बिघडतं: प्रथिनं पुरती भिजलेली नसतात, जाळं कच्चं राहतं आणि धुताना गोळ्याचे तुकडे होऊन तेही पाण्याबरोबर निघून जातात.

नंतर मोठ्या पातेल्यात दीड लिटर पाणी घेऊन गोळा त्यातच दाबा, चोळा, दुमडा. पाणी दुधासारखं होईल. ते एका भांड्यात काढून ठेवा, फेकू नका. दुसऱ्या पाण्यात एक क्षण असा येतो की गोळा विरघळून चालला असं वाटतं, हातात नुसत्या चिंध्या येतात. पहिल्यांदा करणारे बहुतेक लोक इथेच सोडून देतात. खाली चाळणी धरा, चिंध्या गोळा करा आणि दाबत राहा. तिसऱ्या-चौथ्या पाण्यात त्या एकमेकींना धरतात आणि पिवळट-करडा, रबरासारखा, चावून मऊ केलेल्या च्युइंगगमसारखा गोळा तयार होतो. पाणी तांदळाच्या धुवणाइतकं पातळ दिसलं की थांबा. अगदी नितळ होईपर्यंत धुतलं तर शिजल्यावर ग्लुटेन चामट लागतं. थोडा स्टार्च राहिलेला बरा.

५०० ग्रॅम मैद्यातून साधारण १३० ते १५० ग्रॅम ओलं ग्लुटेन मिळतं. त्यात जवळजवळ दोन तृतीयांश पाणी असतं. कणीक (गव्हाचं पीठ) वापरली तर कोंड्याच्या धारदार कणांनी जाळं जागोजागी कापलं जातं, हाताला कमी लागतं आणि खाताना खरखर येते. म्हणून सुरुवात मैद्यानेच करावी.

गोळा चाळणीत अर्धा तास निथळू द्या. लगेच कापायला गेलात तर तो आकसतो आणि सुरीखालून निसटतो. मग दोन-अडीच सेंटिमीटरचे तुकडे करून एक लिटर पाणी, तीन मोठे चमचे सोया सॉस, आल्याचे काप आणि दोन वाळवलेले मशरूम घातलेल्या रसात ४० मिनिटं मंद शिजवा. रसाला बारीक बुडबुडे यावेत, खळखळ उकळी नको. जोराच्या उकळीत आतल्या पाण्याची वाफ होऊन तुकडे स्पंजासारखे फुगतात, आणि गार झाल्यावर चिवट होतात. आपल्या रश्श्यात टाकायचं असेल तरी आधी असं शिजवून मगच टाका. कच्चा तुकडा थेट आमटीत टाकला तर तो बाहेरून मसाला धरतो पण आतून कणकेसारखा लागतो.

कधीकधी मात्र हे फुगणंच हवं असतं. ज्यांगसू प्रांतातलं वूशी शहर तळलेल्या म्येन-जिनसाठी प्रसिद्ध आहे. चणीबोराएवढ्या गोळ्या मध्यम तापलेल्या तेलात सोडायच्या आणि झाऱ्याने सारख्या फिरवत राहायच्या. आतलं पाणी वाफ होऊन ग्लुटेनचा पडदा फुग्यासारखा ताणतं आणि गोळी पोकळ होऊन कितीतरी पटींनी वाढते. तेल फार कडक असेल तर बाहेरचं कवच आधीच ताठ होतं आणि गोळी फुगतच नाही. लवकर काढली तर ताटात येईपर्यंत बसते. कवच कुरकुरीत होईपर्यंत धीर धरायला हवा. शांघायकडे ग्लुटेन आंबवून, वाफवून त्याचा जाळीदार, ढोकळ्यासारखा ठोकळाही करतात, तो रस्सा भरपूर पितो. जपानमध्ये या पदार्थाचं नाव ‘फू’. आज जगभर चालणारं ‘सेतान’ हे नाव तर अगदी नवं, १९६१ मधलं, जपानी आहारप्रचारक जॉर्ज ओहसावा यांनी दिलेलं.

प्रथिनाच्या आकड्याने मात्र फसू नये. १०० ग्रॅम ओल्या ग्लुटेनमध्ये साधारण २५ ग्रॅम प्रथिन असतं, पण त्यात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल फार कमी, शरीराला हवं त्या प्रमाणाच्या निम्म्याहूनही कमी. डाळींमध्ये आणि सोयाबीनमध्ये ते भरपूर असतं. मठाच्या जेवणात म्येन-जिनच्या शेजारी टोफू असतो, तो या दृष्टीने अगदी बरोबर आहे. आपल्या ताटात हे काम वरण करेल. आणि सीलिॲक आजार असलेल्यांनी हा पदार्थ चाखूही नये, कारण त्यांना बाधणारी गोष्ट इथे एकवटलेली आहे.

लायसिन कमी असलं तरी एक अमिनो आम्ल ग्लुटेनमध्ये विपुल आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल रिटहाउझेन यांनी १८६६ मध्ये ते गव्हाच्या ग्लुटेनमधून वेगळं केलं, म्हणूनच त्याचं नाव ग्लुटामिक आम्ल. १९०८ मध्ये टोकियोत किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शेवाळाच्या कढणाची चव याच आम्लामुळे येते हे दाखवलं आणि त्या चवीला ‘उमामी’ म्हटलं. पुढच्याच वर्षी आजिनोमोटो बाजारात आलं, तेही गव्हाचं ग्लुटेन आम्लात शिजवून, फोडून काढलेलं. १९२३ मध्ये शांघायच्या वू युनछू यांनी तशीच पूड चीनमध्ये सुरू केली आणि शाकाहाऱ्यांना चालणारी चव म्हणून ती विकली. मांसाचा पोत देणाऱ्या गोळ्यातूनच मांसाची चवही निघाली.

बाजूला ठेवलेलं पांढरं पाणी अजून शिल्लक आहे. ते रात्रभर झाकून ठेवा. सकाळी वरचं पाणी अलगद ओतून द्या आणि तळाचा चीक घावनाच्या पिठाइतका पातळ करा, चिमूटभर मीठ घाला. तेलाचा हात लावलेल्या सपाट ताटलीत पातळ थर ओतून तीन-चार मिनिटं वाफवा. थर पारदर्शक होतो आणि मोठे फुगे येतात. ताटली गार पाण्यावर तरंगत ठेवली तर तो न फाटता सुटतो. त्याच्या लांब पट्ट्या कापा. उत्तर चीनमधल्या शान्शी प्रांतात याला ल्यांग-फी म्हणतात आणि उन्हाळ्यात गार खातात: काकडीचे काप, व्हिनेगर, मिरचीचं तेल, आणि वर त्याच कणकेतून निघालेल्या, वाफवून चौकोनी कापलेल्या ग्लुटेनच्या फोडी.